पाडव्याचा खेळ

वर्षभर चित्रपटगृहाच्या वाटेस न जाणारा, कोणता चित्रपट कधी लागला आणि कधी उतरला याची फारशी वार्ता नसणारा, परंतु दिवाळीची चाहूल लागली की घरातील थोरामोठ्यांसह एका संध्याकाळी पडद्यासमोर जाऊन बसण्याची वहिवाट निष्ठेने पाळणारा जो एक मोठा वर्ग महाराष्ट्रात आहे, त्या वर्गातला मी एक आहे. समीक्षकांना आमची दखल घेण्याचे कारण पडत नाही आणि चित्रपटाचे शास्त्र जाणणारे आमच्याकडे काहीशा अनुकंपेने पाहतात. तथापि निर्मात्यांच्या आणि वितरकांच्या हिशेबी हा हंगामी प्रेक्षकच दिवाळीचा खरा धनी असतो, कारण त्याच्या सुटीसाठी आणि त्याच्या हाती नुकत्याच पडलेल्या बोनससाठी वर्षातील सर्वांत खर्चिक चित्रपट याच आठवड्यापर्यंत राखून ठेवलेले असतात. अशा प्रेक्षकाला गेल्या काही दिवाळ्यांत पडद्यावर काय दिसले आणि त्याने कोणाला हात दिला, हे त्याच्याच बाजूने एकदा सविस्तर सांगितले जावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

या प्रेक्षकाचे पहिले लक्षण असे, की तो एकटा निवड करीत नाही. घरातील आजीला झेपेल, नव्या जावयाला रुचेल, भाचरांना कंटाळा येणार नाही आणि मध्यंतरात कोणाची मान खाली जाणार नाही, इतक्या अटी एका तिकिटात बसवायच्या असतात. दुसरे लक्षण असे, की त्याची दिवाळी व्यापाऱ्याच्या दिवाळीहून एक दिवस उशिरा सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार वहीपूजनात आणि घरे दिव्यांच्या आरासीत गुंतलेली असल्यामुळे चित्रपटगृहे ओस नसली तरी विरळच असतात. गर्दीचा लोंढा येतो तो पाडव्याच्या दुपारपासून, आणि भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर बहीणभावंडांचा मेळा निघतो तेव्हा तो भरतीस पोहोचतो. चित्रपटधंद्यातील जाणती माणसे म्हणूनच लक्ष्मीपूजनाच्या आकड्यावर भिस्त ठेवीत नाहीत. ती पाडव्याकडे डोळे लावून बसलेली असतात.

पूर्वी हा निकाल सावकाश लागत असे. आदित्य चोप्रा यांचा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधी, लागला तेव्हा शहरोशहरी एकपडदा चित्रपटगृहांचाच अंमल होता. चित्रपट चांगला आहे ही वार्ता शेजारणीकडून शेजारणीकडे जाण्यास पुरेसा अवधी मिळे, आणि पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव हे यशाचे सर्वमान्य माप होते. मुंबई सेंट्रल स्थानकासमोरील मराठा मंदिरात या चित्रपटाने डिसेंबर २०१४ मध्ये सहस्र आठवडे पूर्ण केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो उतरविण्याचे ठरले असता प्रेक्षकांनी असा काही आग्रह धरला, की मालकांना निर्णय फिरवून सकाळचा खेळ पुन्हा लावावा लागला. गाडी सुटायला वेळ असलेले प्रवासी, कामाच्या शोधात मुंबईत आलेले तरुण, माहेरी निघालेल्या बायका अशा लोकांनी या खेळाला आश्रय दिला, आणि अल्प दरात तीन तास सावलीत बसून एक सुखान्त कथा पाहण्याची सोय शहराच्या मध्यभागी इतकी वर्षे टिकून राहिली, ही मला मुंबईच्या नागरी जीवनातील एक फार मोठी गोष्ट वाटते.

दिवाळीच्या ज्या एका शुक्रवारची मला आजही अपूर्वाई वाटते तो १२ नोव्हेंबर २००४ चा. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, आणि एकाच वेळी लागलेल्या चित्रपटांत यश चोप्रांचा ‘वीर-झारा’ होता तसाच के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ही होता, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, ५ ऑगस्ट १९६० रोजी, याच मराठा मंदिरात प्रथम झळकलेला आणि आता कृष्णधवल चौकटींवर संगणकाच्या साह्याने रंग चढवून पुन्हा आणलेला. एका नव्या चित्रपटाला जुन्या चित्रपटाशी स्पर्धा करावी लागली, हे तर विलक्षण होतेच. परंतु त्याहून विलक्षण असे, की नवा चित्रपटही आपले संगीत भूतकाळातूनच घेऊन आला होता. मदनमोहन १९७५ साली निवर्तले. त्यांच्या संग्रही राहून गेलेल्या अप्रसिद्ध चाली त्यांचे पुत्र संजीव कोहली यांनी नव्याने सिद्ध केल्या आणि त्यांवर जावेद अख्तर यांनी शब्द बांधले. त्या चाली गायल्या लता मंगेशकर यांनी, आणि ‘मुघल-ए-आझम’मधील अनारकलीचा आवाजही त्यांचाच. म्हणजे तिशीतल्या लताबाई एका पडद्यावर आणि पंचाहत्तरीतल्या लताबाई दुसऱ्या पडद्यावर, एकाच दिवाळीत, एकाच शहरात ऐकावयास मिळाल्या. पूर्वीच्या स्वरातील निखार नव्या स्वरात नव्हता, हे कोणताही कान सांगेल; तरीही वृद्धत्वाच्या उंबरठ्यावरून आलेल्या त्या आवाजात बावीस वर्षे कारावासात काढलेल्या नायकाच्या कथेला साजेशी एक थकलेली माया होती, आणि माझ्या मते ती त्या चित्रपटाची सर्वांत मोठी मिळकत होती. रंग चढविण्याच्या उद्योगाविषयी मात्र मी समाधानी नाही. आसिफ यांनी काचमहालाचा प्रसंग मुळातच रंगीत चित्रित केला होता. तोवर चित्रपट कृष्णधवल छायांत चालला असता तो प्रसंग एकाएकी वर्णांनी उजळून निघावा, हा जो आघात होता, तो सर्वत्र सारखाच रंग पसरल्यामुळे बोथट झाला.

२००७ सालच्या दिवाळीत ‘ओम शांती ओम’ आणि ‘सावरिया’ एकाच दिवशी लागले. पहिल्यात जुन्या हिंदी चित्रपटसृष्टीची लडिवाळ थट्टा, दुसऱ्यात निळ्या अंधारात बुडालेले एक काल्पनिक नगर आणि दस्तयेव्हस्कीच्या कथेतील एकाकी प्रेमिक. सणाच्या प्रेक्षकाने कोणाला पसंती दिली हे सांगावयास नकोच. त्यात त्याची अभिरुची उथळ ठरते असे मला वाटत नाही. घरादारात दिवे लागलेले असताना चार-पाच जणांनी मिळून विषाद पाहावयास जावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तो चित्रपट आषाढात आला असता तर त्याचे नशीब कदाचित निराळे असते.

आता ज्या दिवाळीसाठी मुख्यतः ही लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. १२ नोव्हेंबर २०१५, गुरुवार, दिवाळी पाडवा. सूरज बडजात्या यांचा ‘प्रेम रतन धन पायो’, सलमान खान दुहेरी भूमिकेत, भव्य राजवाडे आणि आरसेमहाल, आणि देशातील बहुसंख्य पडदे त्याच्या नावे लागलेले. अशा दिवशी मराठीतून एक नव्हे, दोन चित्रपट रिंगणात उतरले. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ हा २०१० सालच्या लोकप्रिय चित्रपटाचा पुढचा भाग असल्यामुळे त्याला स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्या जोडीचा प्रेक्षकवर्ग तयार होता. दुसरा मात्र अत्यंत धाडसी होता. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ सालचे संगीत नाटक, पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत, प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची निर्मिती, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत साक्षात वसंतराव देशपांडे. मराठी मनावर ज्याचा ठसा इतका खोल आहे, ते नाटक पडद्यावर आणावयाचे, आणि तेही दिग्दर्शक म्हणून पहिलेच पाऊल टाकणाऱ्या सुबोध भावे यांनी! शास्त्रीय गायनाच्या मैफलींवर उभा असलेला चित्रपट पाडव्याच्या गर्दीत तग धरील, असे भाकीत त्या वेळी जबाबदारीने कोणी केले असते असे वाटत नाही.

तो चित्रपट मी भरगच्च गृहात पाहिला आणि तेथील श्रोतृवृंदाचे वर्तन माझ्या चांगले स्मरणात आहे. नाटक पाहिलेली वडील मंडळी सुरुवातीस सावध होती. मनात तुलना चालू होती हे चेहऱ्यांवर दिसे. मूळ नाटकात जो भाग पूर्वकथा म्हणून कानावर पडतो, तो येथे डोळ्यांसमोर घडतो: विश्रामपूरच्या दरबारचे गायक पंडित भानुशंकर आपल्या उदारपणाने खाँसाहेबांना तेथे घेऊन येतात, वर्षामागून वर्षे खाँसाहेब स्पर्धेत पराभूत होत राहतात, मत्सर घर करतो, आणि शेवटी कारस्थानाने पंडितजींचा आवाजच हिरावला जातो. शंकर महादेवन हे मुळात अभिनेते नव्हेत. परंतु त्यांच्या भानुशंकरांत जे निर्वैर तेज होते ते अभ्यासाने येणारे नव्हते, आणि सचिन पिळगावकर यांनी खाँसाहेबांचा अहंकार असा काही उभा केला, की त्या माणसाचा राग येता येता त्याची कणव येऊ लागावी. आवाजांची योजना तर अशी होती, की तीत परंपरा मूर्तिमंत उभी राहिली. वसंतरावांनी अजरामर केलेल्या खाँसाहेबांसाठी त्यांचेच नातू राहुल देशपांडे गायले; पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायले अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे, जे परदेशी स्थायिक होऊनही गुरूची गायकी जतन करीत आहेत. या चित्रपटातील गायनासाठी काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना जुन्या पदांच्या शेजारी बसविल्या होत्या, आणि त्या पदांचा मुलाहिजा राखून बसविल्या होत्या. तान संपली की गृहात टाळ्या पडत, मैफलीत पडाव्या तशा. आणि त्या केवळ वृद्धांच्या नसत. ज्यांच्या कानी तोवर एकही बंदिश पडली नसावी अशी शाळकरी मुले श्वास रोखून जुगलबंदीचा निकाल पाहत होती. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती ठेवा सोपवावा, हे काम संमेलने आणि परिसंवाद करू म्हणतात. येथे ते पाडव्याच्या एका खेळात, कोणताही उपदेश न करता पार पडले. चित्रपट आठवडेच्या आठवडे चालला. बडजात्यांचा चित्रपटही धो धो चालला, ‘मुंबई-पुणे-मुंबई २’नेही आपला वाटा घेतला, कोणाच्या ताटातले कोणाला हिसकावून घ्यावे लागले नाही. मराठी प्रेक्षक सणाला एकापेक्षा अधिक चित्रपटांना पुरून उरतो, एवढे त्या दिवाळीने सिद्ध केले.

मग अडते कोठे? अडते ते खेळांच्या वाटणीत, आणि ही वाटणी प्रेक्षकाच्या दृष्टीआड होत असल्यामुळे तिचे स्वरूप थोडे उलगडून सांगितले पाहिजे. बहुपडदा गृहांचा मक्ता वाढल्यावर निर्माते आणि गृहचालक यांच्यात उत्पन्नाच्या हिश्श्यावरून २००९ साली मोठा तंटा झाला. सुमारे दोन महिने नवे हिंदी चित्रपट बहुपडद्यांवर आलेच नाहीत. आणि अखेर जो तह झाला त्यान्वये निर्माता-वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरत्या श्रेणीने ठरला. याचा अर्थ असा, की पहिल्या आठवड्यातच जास्तीत जास्त खेळ पदरात पाडून घेणे हे बलाढ्य निर्मात्याच्या हिताचे झाले. पडद्यांसाठीची ओढाताण कोणत्या थरास जाते हे २०१२ साली दिसले: यश चोप्रांचा अखेरचा ‘जब तक है जान’ आणि अजय देवगण यांचा ‘सन ऑफ सरदार’ एकाच दिवाळीत आले, तेव्हा एका चित्रपटाबरोबर दुसराही घेण्याची सक्ती गृहचालकांवर केली जाते, अशी तक्रार देवगण यांच्या संस्थेने थेट भारतीय स्पर्धा आयोगाकडे गुदरली. आयोगाने ती फेटाळली. परंतु दोन हिंदी गजराजांची ही झुंज असेल, तर तीत मराठी चित्रपटाला कोणती वेळ उरत असेल याची कल्पना वाचकाने करावी. सकाळी पावणेदहाचा किंवा रात्री उशिराचा खेळ हा त्याच्या वाट्यास येतो. त्या वेळी घरातील माणसे अभ्यंग आणि फराळात असतात किंवा मुले झोपेला आलेली असतात. मग तीन दिवस बाके रिकामी दिसतात, सोमवारी गृहचालक हिशेब पाहतो, आणि उरलेला एक खेळही काढून घेतला जातो.

हे दुखणे नवे नव्हे. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा असता एका हिंदी चित्रपटासाठी तो बाजूस सारला गेला, आणि बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसैनिक पाठविले तेव्हा कोठे त्याला पडदा मिळाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा गृहांत संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी चित्रपट सक्तीचा केल्याचे घोषित केले. गदारोळ उठला, आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. मला स्वतःला हुकुमाने रसिकता निर्माण होईल अशी आशा नाही. पण हुकूम नसेल तर रसिकापर्यंत वस्तू पोहोचतच नाही, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. ‘कट्यार’चे यश त्याच वर्षातले. त्याला संध्याकाळचे खेळ मिळाले म्हणून आजी आणि नातवंडे एका रांगेत बसू शकली.

२०१८ च्या पाडव्यास ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ने देशभरचे पडदे व्यापले, पहिल्या दिवशी पन्नास कोटींहून अधिक गल्ला जमला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतच प्रेक्षकांनी पाठ फिरविली. त्याच दिवशी अभिजित देशपांडे यांचा ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ लागला होता. रंगभूमीवर लाल्या आणि संभाजी गाजविलेल्या त्या अवलिया नटाचे उन्मत्त, उदार आणि आत्मघातकी जीवन सुबोध भावे यांनी इतक्या जिव्हाळ्याने साकारले, की नाट्यगृहातील टाळ्यांचा प्रसंग आला तेव्हा पडद्यावरच्या आणि पडद्यासमोरच्या टाळ्या एकमेकींत मिसळून गेल्या. पैशाने मोठ्या चित्रपटाचा पराभव आणि मनाने मोठ्या चित्रपटाचा विजय असे साधे समीकरण मी मांडीत नाही, कारण ‘ठग्ज’ने चार दिवसांत जे कमावले ते घाणेकरांच्या चित्रपटाने साऱ्या मुदतीत कमावले नसेल. तरीही दिवाळीनंतर घरोघरी ज्याविषयी बोलले जात होते तो चित्रपट कोणता, हे माझ्या वाचकांस आठवत असेल.

महामारीच्या दिवाळीविषयी फार लिहीत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात गृहे निम्म्या आसनांवर उघडली, पण अक्षय कुमार यांचा ‘लक्ष्मी’ घरच्या पडद्यावरच आला आणि सणाची संध्याकाळ प्रथमच दिवाणखान्यात गेली. पुढच्या वर्षी राज्यातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला पुन्हा उघडली, पाडव्याला ‘सूर्यवंशी’ लागला, आणि दिवाळी संपल्यावर, १९ नोव्हेंबरला, हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’. सहलीला निघालेल्या वेगवेगळ्या वयांच्या बायकांची ती साधी गोष्ट पाहण्यासाठी बायकांचे घोळके आले, आणि दीर्घ कोंडवाड्यातून सुटलेल्यांचे हसणे गृहात घुमले. लोक परत येतात का, या प्रश्नाचे उत्तर मराठीपुरते तरी या चित्रपटाने दिले.

२०२३ च्या दिवाळीत ‘टायगर ३’ रविवारी, खुद्द लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला. मालेगावातील एका चित्रपटगृहात नायकाच्या प्रवेशाला चाहत्यांनी आतच फटाके पेटविले. माणसे जीव घेऊन पळाली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. चित्रपटावर जीव टाकणारे म्हणून ज्या गावाचा लौकिक आहे तेथे हे घडावे याची मला फार खंत वाटते. बंद गृहात बायकामुले बसलेली असताना आग पेटविणे हे प्रेम नव्हे. त्याच्या दोन दिवस आधी, धनत्रयोदशीला, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ २’ लागला होता. दत्तक गेलेला चैत्या आपल्या जन्मदात्या आईच्या गावी येतो आणि तेथील चिमी या चिमुकल्या बहिणीने आपल्याला भाऊ मानावे म्हणून झुरतो. भाऊबिजेच्या आठवड्यात याहून उचित कथा कोणती? चिमी झालेल्या त्रिशा ठोसर हिच्या फुरंगटण्यात नाटकीपणाचा लवलेश नव्हता. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातील तीन बालकलाकार गौरविले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेलेल्या त्रिशाला देशाने पाहिले. ज्यांनी ‘नाळ २’ पडद्यावर पाहिला असे तुलनेने थोडेच.

१ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया ३’ यांनी पडदे आपसांत वाटून घेतले. २०११ सालच्या ‘सिंघम’मध्ये शिवगडची माती होती, अशोक सराफांचा हवालदार होता, सचिन खेडेकर होते, कथा तमिळमधून आली असली तरी बाजीराव सिंघम आपल्या गावचा वाटे. या नव्या भागात रामायणाचे रूपक लावून नायकाला लंकेपर्यंत नेले, वाटेत एकेका ताऱ्याला एकेक प्रवेश दिला, आणि या मानकऱ्यांच्या सरबराईत बाजीराव स्वतःच पाहुणा होऊन बसला. ‘भूल भुलैया ३’मध्ये माधुरी दीक्षित आणि विद्या बालन यांचे समोरासमोरचे नृत्य हा एकच प्रसंग घरी घेऊन जाण्याजोगा, पण तो होता खरा. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला आलेल्या ‘थामा’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी. त्यांच्या ‘मुंज्या’त कोकणातले भूत कोकणच्याच पिंपळावर होते, म्हणून ते खरे वाटले, ‘थामा’तील वेताळांना तसा गाव मिळाला नाही. वेताळ आणि मुंजा या दोघांनाही आपल्या लोककथांत घर आहे, तेव्हा ज्याचे घर दाखविले तोच चित्रपट मला अधिक भावला.

वाचकांस विनंती एवढीच. यंदा पाडव्याचा बेत ठरविताना मोठा हिंदी चित्रपट अवश्य पाहावा, मीही पाहीन. परंतु त्या आठवड्यात लागलेला एक मराठी चित्रपटही नक्की करावा, आणि तो ‘पुढे कधीतरी’वर न ढकलता सोमवारच्या आत पाहावा, कारण सोमवारीच त्याच्या पुढच्या आठवड्याचा फैसला होतो. जवळच्या गृहात तो सोयीच्या वेळी लावलेला नसेल, तर व्यवस्थापकाकडे जाऊन संध्याकाळचा खेळ मागावा. मागणारी दहा माणसे दिसली तर वेळ बदलली जाते.